तिशीनंतर गणित शिकून रेसिंगमध्ये काही फायदा आहे का? (मेकॅनिक आहे, डेटाकडे वळायचंय)

थंडटायर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा विचारतोय. टूरिंग कारच्या एका छोट्या टीममध्ये मेकॅनिक आहे. गाडी उघडणं जोडणं, ब्रेक, गिअरबॉक्स, अलाइनमेंट हे सगळं हातात बसलंय, तिथे कोणाला विचारावं लागत नाही. पण सेशन संपलं की आमचा डेटा इंजिनिअर लॅपटॉप उघडतो, चार रंगांच्या रेषा दाखवतो आणि म्हणतो की हे बघ, वळणाच्या मध्यावर पुढचं ग्रिप संपतंय, मागचा अँटी-रोल बार (वळताना गाडीचं कलणं रोखणारी दांडी) एक भोक कडक करू. मी मान डोलावतो आणि पाना घेऊन गाडीखाली जातो. का कडक करायचा ते काही कळलेलं नसतं.

शाळेत गणिताशी माझं कधी पटलंच नाही, शाळा संपली तशी पीडा टळली असं वाटलेलं, आणि आता तिशी उलटल्यावर तेच दारात येऊन उभं राहिलंय. मला हळूहळू डेटाच्या बाजूला सरकायचंय. तर खरंच किती गणित लागतं, की इंजिनिअर लोक उगाच बाऊ करतात? सुरुवात कुठून करायची, अपूर्णांकांपासून की थेट कॅल्क्युलस? एक मित्र म्हणतो सगळं सॉफ्टवेअरच करतं, तू फक्त बटणं दाबायला शीक. आणि शेवटचं म्हणजे या वयात हे डोक्यात शिरतं का. टोमणे चालतील पण सोबत उत्तरही द्या.

वर्गमूळ

आधी मित्राचं बघू. सॉफ्टवेअर आकडा देतं, पण तो आकडा खुळा आहे की शहाणा ते सांगत नाही. लॉगरमध्ये (गाडीचा डेटा नोंदवणारं यंत्र) चाकाचा परीघ चुकीचा भरला तर तुझी गाडी तिथे खुशाल ३१० ने पळेल आणि ग्राफ अगदी देखणा दिसेल. ते बघून "छे, शक्यच नाही" असं ज्याच्या तोंडून पटकन निघतं तो डेटाचा माणूस, आणि ते निघायला तोंडी हिशोब यावा लागतो. ६००० आरपीएम, टॉप गिअर १ ला १, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर) ४, म्हणजे चाक मिनिटाला १५०० फेरे, सेकंदाला २५, परीघ २ मीटर धर, झाले सेकंदाला ५० मीटर म्हणजे तासाला १८० किमी. कागदसुद्धा लागला नाही.

आता किती लागतं. गुणोत्तर, टक्केवारी, वर्ग, वर्गमूळ, थोडीशी त्रिकोणमिती, ग्राफ वाचणं. एवढ्यावर पॅडॉकमधली निम्मी बोलणी समजतात. पण यातलं वर्ग आणि वर्गमूळ नीट अंगात मुरलं पाहिजे, कारण रेसिंगमध्ये सरळ पटीत वागणाऱ्या गोष्टी फार कमी. डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) बाजूला ठेव आणि साधं वळण घे, त्रिज्या ५० मीटर, टायरचा घर्षणगुणांक १.२. वेगाचा वर्ग = १.२ × ९.८१ (गुरुत्वत्वरण) × ५० = ५८८ च्या आसपास, वर्गमूळ २४.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ८७ किमी. आता ड्रायव्हरने ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरून तेच वळण ५५ मीटरचं केलं तर? त्रिज्या १० टक्के वाढली पण वेग ९१-९२, म्हणजे जेमतेम ५ टक्के. फुकट मिळणारे ५ टक्के आहेत म्हणून सगळे बाहेरच्या कर्बपर्यंत जातात, आणि दुप्पट मोठं वळण म्हणजे दुप्पट वेग नव्हे हेही त्यातच आलं. ब्रेकिंगला उलटं, तिथे वर्ग. सारखंच ब्रेक लागत असतील तर २०० वरनं थांबायला १०० च्या चौपट अंतर लागतं.

आणि सस्पेन्शनमध्ये आलास की इथेच भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं. स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसते, चाक १० मिमी वर आलं तर समजा स्प्रिंग ७ मिमीच दबते, म्हणजे मोशन रेशो ०.७. मग चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या ०.७ पट का? नाही, ०.७ चा वर्ग, ०.४९ पट. कारण अंतरही कमी दबलं आणि जोरही त्याच लिव्हरमधून कमी होऊन पोचला, दोनदा मार बसतो. निम्म्यावर आलं बघ. हे ज्याला माहीत नाही तो कॅटलॉगमधला आकडा बघून मनाने मांडे खात बसतो.

एक अजून. एका कोपऱ्यावर २५० किलो वजन आणि चाकापाशी ४० न्यूटन प्रति मिमी कडकपणा असेल तर ती बाजू सेकंदाला साधारण २ वेळा वरखाली होते, २ हर्ट्झ. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर ४ नाही, २.८. परत वर्गमूळच.

कॅल्क्युलसची भीती बाळगू नकोस, तू ते रोज लॅपटॉपवर बघतोयसच. वेगाच्या रेषेचा उतार म्हणजे त्वरण, वेगाच्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल म्हणतात ते हेच. सूत्रं नंतर पाठ होतील, आधी उतार आणि क्षेत्रफळ डोळ्याला दिसू दे.

पिटवॉल_काका

आमच्या वेळी इंजिन कानाने ऐकायचो, टायरवर हात ठेवायचो आणि सेटअप सांगायचो. आता पोरं गाडीकडे बघतच नाहीत, स्क्रीनकडे बघतात. मेकॅनिकचा हात हा मेकॅनिकचा हात, तो सोडून आकडेमोडीच्या मागे लागू नये असं माझं मत. चांगल्या ड्रायव्हरला बुडाखालनं कळतं गाडी काय करतेय ते.

जी_मीटर

काका मान राखून सांगतो, बुडाखालनं कळतं हे खरं, पण किती कळलं ते दुसऱ्याला सांगायला आकडाच लागतो. मार्क डॉनह्यू घ्या. ब्राउन युनिव्हर्सिटीतला मेकॅनिकल इंजिनिअर, १९७२ ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेला, आणि पोर्श ९१७ च्या टर्बो गाड्या घडवण्यात त्याचा मोठा वाटा. स्किडपॅडवर गोल गोल फिरवून बार आणि स्प्रिंग एकेक बदलायचे आणि आकडे लिहून ठेवायचे हे त्याचं काम. कान पण होते आणि वही पण होती. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन तर स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला.

थंडटायर, तुझ्यासाठी मात्र जास्त कामाचं उदाहरण रॉस ब्रॉनचं आहे. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात अप्रेंटिस, मग मार्च टीममध्ये मिलिंग मशीन चालवायचा, तिथनं पुढे फेरारीचा टेक्निकल डायरेक्टर आणि २००९ ला स्वतःच्या नावाच्या टीमने फॉर्म्युला वनची दोन्ही अजिंक्यपदं (ड्रायव्हरचं आणि टीमचं). फॉर्म्युला वन गाड्यांचा डिझायनर एड्रियन न्यूईने १६ व्या वर्षी शाळा सोडली, टेक्निकल कॉलेजच्या वाटेने साउथॅम्प्टनला जाऊन १९८० ला एरोनॉटिक्सची पदवी घेतली. म्हणजे वर्कशॉपच्या दारातनं आत येता येतं, पण आत आल्यावर दोघांनाही गणित चुकलं नाही हेही लक्षात घे.

गृहपाठ देतो एक. फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा) स्किडपॅडमध्ये आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, बाहेरच्याचा २१.२५. गाडी बरोबर मधनं जाते असं धर. एक फेरी ५ सेकंदांत झाली तर किती जी (१ जी म्हणजे गुरुत्वत्वरणाइतकं, ९.८१) लागला? कॅल्क्युलेटर चालेल, सर्च करायचं नाही.

थंडटायर

बसलो वही घेऊन. मधली त्रिज्या ९.१२५ मीटर, परीघ ५७.३, भागिले ५ म्हणजे ११.४७ मीटर प्रति सेकंद, त्याचा वर्ग १३१.५, भागिले त्रिज्या १४.४, भागिले ९.८१... १.४७ जी? एवढा? वेग तर ४१ किमीच येतोय.

जी_मीटर

बरोबर. ४१ किमीला दीड जी, कारण वर्तुळ इवलंसं आहे. त्रिज्या भागाकारात खाली असते हे आता तू विसरणार नाहीस.

लॅपचार्ट

सगळे सस्पेन्शनवरच घसरलेत, मी स्ट्रॅटेजीची बाजू सांगते कारण तिथलं गणित शाळेतलंच आहे आणि मजा सगळ्यात जास्त. ५० लॅपची रेस धरा, पिट स्टॉपला एकूण २२ सेकंद जातात, आणि टायर दर लॅपला ०.१ सेकंदाने हळू होत जातो. म्हणजे नव्या टायरवर पहिल्या लॅपला तोटा ०, मग ०.१, मग ०.२ असं. एकाच टायरवर ५० लॅप काढले तर तोटा किती? ० पासून ४९ पर्यंतची बेरीज १२२५, गुणिले ०.१, म्हणजे १२२.५ सेकंद. शाळेत १ ते १०० ची बेरीज करायला लावायचे ना, तीच युक्ती, पहिला आणि शेवटचा मिळवा, निम्मे करा, संख्येने गुणा.

आता मधे एकदा थांबा, २५ आणि २५. प्रत्येक भागाचा तोटा ३०, दोन्ही मिळून ६०, वर पिटचे २२, एकूण ८२. चाळीस सेकंद वाचले. मग मनात येतं की अजून एकदा थांबलो तर? १७, १७, १६. तोटा ३९.२ वर आला पण पिटचे ४४, एकूण ८३.२. म्हणजे सव्वा सेकंदाने वाईट. पहिल्या स्टॉपने चाळीस दिले आणि दुसऱ्याने उलट खाल्ले, हे डोळ्यासमोर आकडे असल्याशिवाय पटत नाही कोणाला.

खरी गंमत पुढे आहे. तोच टायर ०.१ ऐवजी ०.१२ ने झिजला तर? एक स्टॉप ९४, दोन स्टॉप ९१. उत्तर फिरलं. शंभराव्या हिश्श्यातला दोनाचा फरक, जो प्रॅक्टिसमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही, तो रेसचा प्लॅन बदलतो. म्हणून शुक्रवारी लाँग रन (एकाच टायरवर सलग बरेच लॅप) काढून झीज मोजायला टीम्स जीव टाकतात. आणि दोनपैकी एक स्टॉप सेफ्टी कारमध्ये (तिच्यामागे सगळे हळू चालतात तेव्हा) १२ सेकंदांत उरकला तर ८३.२ चे ७३.२ होतात, मग दोन स्टॉपवाला हसत हसत पुढे.

कोणी म्हणेल पेट्रोल जळून गाडी हलकी होते ते कुठे धरलं. नाही धरलं, कारण मधे भरायचं नसेल तर तो फायदा तिन्ही प्लॅनमध्ये सारखाच येतो आणि तुलना करताना उडून जातो. काय धरायचं नाही हे कळणं हेही गणितच, आणि माझ्या मते ते सूत्रापेक्षा अवघड आहे. ट्रॅफिक मात्र उडून जात नाही, तिथे हे मॉडेल आपटतं.

शून्यापासून

मी मोठ्या माणसांना गणित शिकवते, रेसिंग फक्त आवडीने बघते, त्यामुळे गाडीचं चुकलं तर समजून घ्या. थंडटायर, तुम्ही विचारलंत या वयात शिरतं का. शिरतं. पण वर्गमूळ यांनी जे सांगितलं त्यात एक गोष्ट मला पटली नाही. यादी छोटी आहे असं म्हणून तुम्ही बीजगणित गाळून टाकाल अशी भीती वाटते. माझ्याकडे येणारी माणसं कॅल्क्युलसला अडत नाहीत, ती अडतात सूत्र फिरवायला. वेग दिला त्रिज्या काढा जमतं, त्रिज्या दिली वेग काढा म्हटलं की हात थांबतो, कारण वर्ग दुसऱ्या बाजूला नेताना त्याचं वर्गमूळ होतं हे कधी हातून घडलेलंच नसतं. व्हिडिओ बघताना सगळं समजतं आणि वही उघडली की पाटी कोरी, हे सगळ्यांचं होतं. तर आधी फक्त सूत्रं फिरवायची. कंटाळवाणं आहे, रोज थोडं करा, त्याला दुसरी वाट नाही.

दोन सवयी सुरुवातीलाच लावून घ्या. उत्तर काढायच्या आधी अंदाज लिहायचा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायचं. किमी प्रति तास आणि मीटर प्रति सेकंद यांच्यातला ३.६ हा आकडा तर झोपेतसुद्धा आठवला पाहिजे, सूत्रात किमी तसेच घातले तर वर्ग होऊन चूक जवळजवळ १३ पट होते.

आणि हो, पुढे जाऊन कोणाला लॅप सिम्युलेशन स्वतः लिहायचं असेल किंवा एरोमध्ये (गाडीवरच्या हवेच्या परिणामाचा अभ्यास) शिरायचं असेल तर मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन हे सगळं रीतसर शिकावं लागतं, तिथे शॉर्टकट आहे असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. डेटा वाचायला मात्र त्याच्या आधी संख्याशास्त्र घ्या.

वर्गमूळ

बाई बरोबर बोलल्या, सूत्र फिरवणं मी गृहीत धरलं होतं. आणि संख्याशास्त्राचं तर दुप्पट अनुमोदन. थंडटायर, तुझ्या टीममध्येही हे होत असणार, बार बदलला, ड्रायव्हर एक लॅप ०.१ ने जोरात आला, सगळे खूश, बार तसाच ठेवला. अरे पण त्याच ड्रायव्हरच्या लॅप्स काहीही न बदलता ०.३ ने इकडे तिकडे होत असतील तर त्या ०.१ ला काय अर्थ आहे? काही नाही. ९ लॅप्सची सरासरी घेतलीस तर तो गोंधळ ०.३ भागिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ०.१ वर येतो. निम्मा करायचा तर १८ पुरत नाहीत, ३६ लागतात (वर्गमूळ पाठ सोडत नाही). आणि ३६ लॅपमध्ये टायरच संपतो, मग ती तुलना गेली बाराच्या भावात. म्हणून जुना सेटअप, नवा सेटअप, परत जुना असं करतात. परत जुन्यावर आल्यावर वेळ पहिल्यासारखीच आली तर बारचा परिणाम खरा, नाही आली तर ट्रॅक किंवा टायर बदललाय.

लॉगरचंही तसंच. १० हर्ट्झचा जीपीएस असेल तर १८० ला दोन बिंदूंमध्ये ५ मीटर अंतर असतं. मग "ब्रेक २ मीटर आधी मारला" असं त्यावरनं कोणी सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे.

पिटवॉल_काका

हे आवडलं. जुना नवा जुना आम्ही पण करायचो, त्याला संख्याशास्त्र म्हणतात हे कोणी सांगितलं नव्हतं. १९९७ ला खेरेसच्या फॉर्म्युला वन क्वालिफायिंगमध्ये (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झेन तिघांचीही वेळ १:२१.०७२ आली होती, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तीच. व्हिलनव्हने आधी काढली म्हणून पोल (सुरुवातीची पहिली जागा) त्याची. तिथे तुमची सरासरी काय करणार?

जी_मीटर

काही नाही करणार. पण ३०० च्या वेगाला हजारावा भाग म्हणजे ८.३ सेंटीमीटर, एवढं तरी सांगेल.

थंडटायर

सगळ्यांचे आभार, लॅपचार्ट यांचं गणित तर टीममध्ये सगळ्यांना करून दाखवलं. आता एक अडलंय ते सांगा. सूत्रं फिरवायचा सराव म्हणून आपल्याच टायरचं घेतलं. सकाळी हवा २० डिग्रीला भरली, गेजवर २० पीएसआय. गाडी आत आली तेव्हा टायरमधल्या सेन्सरवर आतल्या हवेचं तापमान ८० डिग्री. पुस्तकात लिहिलंय दाब तापमानाच्या पटीत वाढतो आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणून २७३ मिळवले, २९३ आणि ३५३. २० × ३५३ ÷ २९३ = २४.१. गेजवर मात्र २७ दिसतंय. गेज दुसऱ्या गेजशी ताडून बघितलं, ठीक आहे. तीन पीएसआय कुठनं आले?

शून्यापासून

केल्व्हिन आठवणीने घेतलंत, शाब्बास. तापमानाला जे केलंत तेच दाबाला करायचं राहिलंय बघा.

वर्गमूळ

हो, गेज शून्य दाखवतं तेव्हाही टायरमध्ये बाहेरच्या हवेइतका दाब असतोच, साधारण १४.७ पीएसआय. गेज फक्त त्याच्या वरचा भाग दाखवतं. म्हणून आधी १४.७ मिळव, मग पट काढ, मग परत वजा कर. ३४.७ × ३५३ ÷ २९३ = ४१.८, वजा १४.७, राहिले २७.१. तुझं गेज खरं बोलतंय. टायरचं आकारमान थोडं बदलतं, आत ओलावा असेल तर दाब अजून वाढतो (म्हणून बरेच जण कोरडा नायट्रोजन भरतात), पण कामापुरतं हे पुरतं.

आता उलटं कर, कारण रेसला तेच लागतं. गरम झाल्यावर २६ पाहिजेत तर थंड किती भरायचे? ४०.७ × २९३ ÷ ३५३ = ३३.८, वजा १४.७, म्हणजे १९.१. हे झालं २० डिग्रीला. तोच सेट उन्हात पडून ३५ डिग्रीला आला आणि तेव्हा भरलास तर १९.१ भरून चालणार नाही, २०.८ भरावे लागतील, नाहीतर गरम झाल्यावर २४ लाच अडकशील. त्यामुळे चारही टायर एकाच सावलीत ठेव, दोन उन्हात दोन सावलीत असं झालं तर वळताना गाडी एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागेल आणि तुमचा डेटा इंजिनिअर दिवसभर बारची भोकं बदलत बसेल.